काळ्या मुलखातली तांबडी माती

वऱ्हाडची माती काळी. पावसाळ्यात ती पायाला चिकटली की सुटत नाही, आणि वैशाखात तिला अशा भेगा पडतात की लहान मुलाचा हात कोपरापर्यंत आत जावा. कापसाला ही माती मानवते. कुस्तीला मुळीच मानवत नाही. म्हणून आमच्याकडे आखाडा घालायचा म्हणजे आधी माती परक्या ठिकाणाहून आणावी लागे: तांबडी, मऊ, चाळून घेतलेली. मग तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालून ती दिवसचे दिवस मुरवायची. एवढी खटपट कशासाठी, असे विचारणारे शहाणे तेव्हाही होते. पण खटपट करणारे त्यांच्याहून अधिक होते, आणि अमरावतीची जी हकीकत इथे सांगायची आहे ती या खटपट करणाऱ्यांचीच आहे.

अंबादासपंत वैद्य आणि त्यांचे बंधू अनंतराव यांनी १९१४ साली अमरावतीस हनुमानाच्या नावाने एक आखाडा काढला. साल ध्यानात घेण्याजोगे आहे. मंडालेची सहा वर्षांची शिक्षा भोगून लोकमान्य त्याच वर्षी जून महिन्यात परत आले आणि ऑगस्टमध्ये युरोपात महायुद्ध पेटले. अमरावती हे तेव्हा टिळकपक्षाचे मोठे ठाणे. १८९७ चे काँग्रेसचे अधिवेशन इथे भरलेले, आणि दादासाहेब खापर्ड्यांचे घर म्हणजे टिळकांचे वऱ्हाडातले हक्काचे बिऱ्हाड. ज्या टिळकांनी कॉलेजातले पहिले वर्ष पुस्तके मिटून शरीर कमावण्यात घालवले आणि त्यापायी परीक्षा बुडवली, त्यांच्या अनुयायांना व्यायामाची महती पटवून देण्याचे कारण नव्हते. त्यात १८७८ च्या कायद्याने हत्यार बाळगायला परवाना लागे. लाठीला, मलखांबाला, लेझमीला परवाना लागत नसे. सूज्ञांस अधिक सांगणे न लगे.

आखाडे वऱ्हाडला नवे नव्हते. गावोगाव तालमी होत्या, वस्ताद होते. परंतु जुन्या वस्तादाची विद्या त्याच्या हातात असे, तोंडात नसे. दहापंधरा पठ्ठे त्याच्या भोवती. पेच तो एकदा करून दाखवी, ज्याला उमगला त्याला उमगला, बाकीच्यांनी पाठीवर माती घेऊन उठावे. दोनचार पेच तर तो अखेरपर्यंत स्वतःजवळ राखून ठेवी, न जाणो पठ्ठ्यानेच उद्या अंगावर यावे! अशा तालमीतून एखादा मल्ल निघे आणि पंचक्रोशीत नाव काढी. त्याच्या गावची उरलेली दोनशे पोरे मात्र होती तशीच हडकुळी राहत.

वैद्य बंधूंचे वेगळेपण मला वाटते ते इथे आहे. पुढे त्यांच्या आखाड्याचे नाव श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ असे झाले. या नावातला 'प्रसारक' हा शब्द आपण सवयीने गाळून टाकतो. अमरावतीकर तर 'हव्याप्र' म्हणून मोकळे होतात. पण सारी गोम त्या शब्दात आहे. त्यांना मल्ल घडवण्यापेक्षा मल्लविद्या शिकवणारे घडवायचे होते. स्वतः शंभर जोर मारणे ही एक विद्या, आणि दुसऱ्या शंभरांकडून एकेक जोर बिनचूक मारवून घेणे ही निराळीच विद्या.

ही दुसरी विद्या दिसते तितकी सोपी नाही. शाळेच्या मैदानावर दोनशे मुले उभी आहेत. कोणी आठ वर्षांचा, कोणी चौदा वर्षांचा. एकाच्या पोटात सकाळची भाकर आहे, एकाच्या नाही. त्या सर्वांना एका शिट्टीवर हलवायचे, तर हालचालीचे तुकडे पाडावे लागतात, त्यांना आकडे द्यावे लागतात, हुकमाचे शब्द ठरवावे लागतात. सोपे आधी, अवघड मागून, हा क्रम लावावा लागतो. कोणाला कुठे थांबवायचे हे कळावे लागते. लेझीम हे आपले मिरवणुकीतले वाद्य. पण तिचे हात मोजून, आकड्यांत बांधून शेकडो मुलांकडून एकसाथ करवून घेणे हे मिरवणुकीतल्या माणसाचे काम नव्हे. मंडळाच्या वर्गांत हे शिकवले जाऊ लागले. हे वर्ग उन्हाळ्यात चालत, कारण शाळामास्तर तेव्हाच मोकळे. अमरावतीचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना या लोकांच्या निष्ठेविषयी वेगळा पुरावा नको! पहाटे आणि दिवस कलल्यावर मैदान, दुपारी सावलीत व्याख्यान. त्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून तरुण येत.

त्या काळी शाळांतून व्यायाम शिकवी कोण? बहुधा पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला एखादा हवालदार. 'लेफ्ट-राइट' हा त्याचा वेद आणि छडी हा त्याचा उपनिषद्भाग. तो बिचारा जे शिकला तेच शिकवी. पण पोराचे हाड अजून कोवळे आहे, शिपायाचे नव्हे, हे त्याला कोण सांगणार?

शरीर कमावण्याची शाळा आणि देशाची गुलामी यांचा संबंध आपल्याच देशात आला असे नाही. १८०६ साली नेपोलियनने प्रशियाचा धुव्वा उडवला, तेव्हा यान नावाच्या एका शिक्षकाला आपल्या तरुणांच्या मऊ अंगाची लाज वाटली आणि १८११ साली त्याने बर्लिनबाहेर हासेनहाइडे येथे उघड्यावर व्यायामाचे मैदान सुरू केले. पुढे त्याच प्रशियाच्या सरकारला या मैदानांचे भय वाटू लागले आणि १८२० ते १८४२ अशी बावीस वर्षे त्यांवर बंदी होती. तिकडे स्वीडनमध्ये लिंगने १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामशिक्षक तयार करणारी संस्था काढली. शरीराची प्रत्येक हालचाल का करायची, तिने कोणता अवयव सुधारतो, हे सांगता आले पाहिजे असा त्याचा आग्रह. ही सारी विद्या विद्यापीठाच्या तोडीला यायला मात्र आणखी शंभर वर्षे लागली. १९२० साली बर्लिनला शरीरशिक्षणाचे उच्च विद्यालय उघडले. योगायोग असा की त्याच १९२० साली मद्रासेस हॅरी बक या अमेरिकन गृहस्थाने वाय. एम. सी. ए. चे व्यायाम-महाविद्यालय सुरू केले. आशियातले ते पहिले. म्हणजे या बाबतीत आपण जगाच्या शंभर वर्षे मागे होतो असे जे कोणी म्हणतात, त्यांनी ही तारीख पाहावी.

महाराष्ट्रातही वारे वाहत होते. बडोद्याच्या माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि योगाच्या क्रिया क्ष-किरणांच्या यंत्राखाली तपासायला घेतल्या. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा उतरतो, हे त्यांनी मोजून दाखवले. त्याच वर्षी पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचे महाराष्ट्रीय मंडळ निघाले. बडोद्याला आबासाहेब मुजुमदारांचा व्यायामज्ञानकोश दहा खंडांत सिद्ध झाला. एका पिढीने हे सर्व केले, आणि तेही बहुतेक पदरमोड करून.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. १९२० नंतरच्या दशकात जे आखाडे भराभर निघाले ते सगळेच विद्येच्या ओढीने निघाले नव्हते. काही शेजारच्या मोहल्ल्याच्या धास्तीने निघाले, आणि धास्ती ओसरल्यावर बंद पडले. जे टिकले त्यांच्याजवळ शिकवण्यासारखे काहीतरी होते म्हणून टिकले.

अमरावतीच्या या वर्गांतून बाहेर पडलेल्यांपैकी एकाचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण तो इथला विद्यार्थी हे पुष्कळांना ठाऊक नसते. खेडचे शिवराम हरी राजगुरू. घर सोडून काशीस गेलेल्या या तरुणाने अमरावतीला येऊन मंडळात व्यायामाचे शिक्षण घेतले होते, आणि काशीच्या एका म्युनिसिपल शाळेत तो मुलांना कवायत शिकवीत असे. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर तो फासावर गेला. वय तेवीसही पुरे नव्हते. आपण त्याला हुतात्मा म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा व्यवसाय विचाराल तर तो ड्रिलमास्तर होता. ज्या शाळांतून राजगुरूंची तसबीर लागते, त्या शाळांतले ड्रिलमास्तर शिक्षकांच्या खोलीत कोणत्या खुर्चीवर बसतात ते एकदा पाहावे.

पुढे १९३६ च्या ऑगस्टात बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या मंडळाचे पथक तिथे गेले आणि त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. त्यांत आपला हुतूतू होता. हे जाणे काही लहानसहान नव्हते. हुतूतू हा तोवर गावागणिक निराळा खेळ. मेलेला गडी पुन्हा उठतो त्या तऱ्हेला संजीवनी म्हणत. उठत नाही ती गामिनी. आणि अमर म्हणून एक तऱ्हा, तिच्यात कोणी मरतच नाही, नुसते गुण मोजायचे. परक्या माणसापुढे खेळ मांडायचा तर आधी तो आपापसांत एक करावा लागतो, नियम कागदावर उतरवावे लागतात. महाराष्ट्रातल्या मंडळींनी ते काम त्याच सुमारास चालवले होते. हिटलरने या पथकाची वाहवा केल्याची गोष्ट आमच्याकडे अजून आवडीने सांगतात. मला स्वतःला त्या शाबासकीचे फारसे अप्रूप वाटत नाही. ती देणाऱ्याने पुढच्या नऊ वर्षांत माणसाच्या शरीराची जी माती केली ती जगाने पाहिली. अप्रूप वाटते ते याचे, की ज्या शहराबाहेर यानने आपले मैदान आखले होते, त्याच शहरात कापसाच्या मुलखातली पोरे एका श्वासावर 'हुतूतू' करीत दुसऱ्याच्या अंगणात शिरली. हा खेळ १९९० साली पेकिंगच्या आशियाई सामन्यांत पदकाचा खेळ झाला. त्याचा पाठचा भाऊ खोखो. त्याची पहिली जागतिक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झाली आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारतच जिंकला.

स्वातंत्र्यानंतर सरकारलाही जाग आली. १८५७ च्या शताब्दीला, १९५७ च्या ऑगस्टात, ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय निघाले. अमरावतीच्या मंडळाने आपले पदवी महाविद्यालय १९६७ साली काढले. इकडे पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली स्थापलेल्या शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा खेड्यापाड्यांत पसरल्या होत्या, आणि प्रत्येक शाळेच्या मैदानाला शिकलेला माणूस हवा होता. शेतकऱ्याच्या मुलाला अंगमेहनतीचे भय नव्हतेच; आता त्या मेहनतीवर पदवी मिळू लागली.

पदवी म्हटली की परीक्षा आली. काल लंगोट कसून उतरणारा गडी आज वहीत माणसाच्या दंडाची आकृती काढतो, स्नायूंची लांबलचक नावे पाठ करतो आणि तोंडी परीक्षेत घामाघूम होतो. याची थट्टा करणारे भेटतात. पण या अभ्यासात आहे काय ते तरी पाहावे. शरीररचना, शरीराचे व्यापार, हालचालींचे शास्त्र, आहार, दुखापतींवरचे प्रथमोपचार, मुलांचे मानसशास्त्र, आणि वर्गावर प्रत्यक्ष पाठ. हुतूतूचेच उदाहरण घ्या. चढाई करणारा गडी झेप घेतो तेव्हा स्नायूत जे तयार इंधन साठलेले असते ते आठदहा सेकंदांत संपते. त्यानंतरचा जोर निराळ्या भट्टीवर चालतो आणि त्या भट्टीची राख म्हणजे पाय भरून येणे. थोडी विश्रांती मिळाली की पहिला साठा पुन्हा भरतो. म्हणून चढाईच्या गड्याला कोसभर धावडवणे एवढाच त्याचा सराव नव्हे. थोडे धावणे, थोडे थांबणे, पुन्हा धावणे हा त्याचा सराव. तसेच कुस्तीचे. शरीर जोर मारताना वाढत नाही, ते जोर मारून झाल्यावरच्या झोपेत आणि खुराकात वाढते. वस्तादाला हे ठाऊक होते, म्हणून तर तो पठ्ठ्याला दुपारी दामटून निजवी. पण का निजवतो ते त्याला सांगता येत नसे, आणि सांगता येत नसल्यामुळे वस्तादाबरोबर ते मातीत जाई.

तरीही सगळी विद्या महाविद्यालयात असते असा गैरसमज नसावा. अमरावतीहून शंभरेक किलोमीटरवर आमचे अकोले. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी इथली पोरे गांधीग्रामला पूर्णेच्या पात्रात भरणे भरतात आणि त्या जड कावडी खांद्यावर घेऊन रात्रभर अनवाणी चालत राजराजेश्वराला पाणी घालतात. एका पायरीचा ठेका चुकला तर सारी कावड डोलते. खांदा कधी बदलायचा, कोणी पुढे लागायचे, याचा हिशेब कोणत्याही पुस्तकात नाही. शहराने अलीकडच्या काळात मुष्टियुद्धात नाव काढले आहे. हे गडी आकाशातून पडत नाहीत. जिथे कावड उचलणारे खांदे पिढ्यान्‌पिढ्या आहेत तिथे ते तयार होतात. फक्त त्या खांद्याला कोणत्या वयात किती वजन सोसेल हे सांगणारा माणूस जवळ लागतो.

असा एक माणूस मी पाहिला आहे. अकोले जिल्ह्यातल्या एका गावी मी शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा तिथले व्यायामाचे मास्तर अमरावतीच्याच मंडळातून पदवी घेऊन आलेले होते. इतर शाळांत चालते तेच तिथेही चालत होते. परीक्षा जवळ आली की गणिताचे शिक्षक त्यांचा तास मागून घेत, आणि पाऊस आला की तो आपोआपच रद्द होई. खिचडीच्या तांदळाचा हिशेब, मिरवणूक, पाहुण्यांचा हार, सगळे त्यांच्याकडे. ते हसून करीत. फक्त एका बाबतीत त्यांचा हट्ट असे: वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाचे वजन, उंची आणि छातीचे माप ते स्वतः घेत आणि एका लांब रजिस्टरात लिहीत.

सातवीत एक मुलगी होती. मैदानावर दोन फेऱ्या झाल्या की बसकण मारी, गुडघे दुखतात म्हणे. बाया तिला आळशी म्हणत; मुख्याध्यापक म्हणाले, 'पळवा तिला, सोंगं करते.' मास्तरांनी रजिस्टर काढले. दीड वर्षात तिचे वजन अवघे सव्वा किलोने वाढले होते. आपल्या वऱ्हाडीत ते एवढेच बोलले, 'सोंग नाही करून राह्यली जी थे पोरगी. डोये पाहा तिचे, पिवये हायेत.' दुसऱ्या दिवशी तिच्या बापाला बरोबर घेऊन ते सरकारी दवाखान्यात गेले. रक्त दोनदा तपासले. सिकलसेल निघाला. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. विदर्भात तो वंशपरंपरेने पुष्कळ घरांत आहे. अशा मुलाला उन्हात, तहानलेले ठेवून बळेच पळवले तर दुखणे उसळते आणि जिवावरही बेतू शकते. हे मास्तरांना कसे कळले म्हणून मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, 'शरीरक्रियेच्या पेपरात होतं, सर.' त्या दिवसापासून ती मुलगी मैदानाच्या कडेला, झाडाखाली, पाण्याची बाटली घेऊन बसे आणि खोखोचे गुण लिही.

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शारीरिक शिक्षणाचा माणूस सांगितला आहे. पण तो पट शंभरांवर असेल तर, आणि तोही अंशकालीन निदेशक म्हणून. बी. पी. एड. चा अभ्यासक्रम पूर्वी एका वर्षाचा असे, तो आता दोन वर्षांचा झाला आहे. म्हणजे शिकायचे दुप्पट आणि शिकवायचे अर्धवेळ. अमरावतीच्या मैदानावर आजही पहाटे शिट्ट्या वाजतात. मेळघाटातून, यवतमाळातून, बुलढाण्याहून आलेली मुले-मुली एकमेकांनाच वर्ग समजून हुकूम देण्याचा सराव करतात. त्यांतली किती जण पुढे खरोखरीच्या वर्गापुढे उभी राहतील, हे त्यांच्या शिट्टीच्या जोरावर ठरत नाही.

आमचे मास्तर २०१६ साली निवृत्त झाले. त्यांच्या जागी कायमचा माणूस अद्याप आलेला नाही. रजिस्टर प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. वाळवी लागू नये म्हणून मी त्यात कडुनिंबाचा पाला घालतो. वजनाचा काटाही तिथेच आहे. गेल्या जूनमध्ये सातवीच्या चाळीस मुलांची वजने मी घेऊन पाहिली आणि लिहून ठेवली. आकडे लिहिता आले. त्यांतल्या कोणत्या आकड्यापाशी थांबायचे ते मला वाचता येत नाही.